मुलांना पुस्तक सुचवायचं कसं?

शाळेच्या ग्रंथालयाची जबाबदारी नुकतीच गळ्यात पडलेले शिक्षक, सोसायटीत वाचनकट्टा सुरू करू पाहणाऱ्या ताई, भाचीच्या वाढदिवसाला पुस्तकच न्यायचं ठरवलेला मामा, सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "दहा वर्षांच्या मुलाला कुठलं पुस्तक देऊ?" एवढ्या माहितीवर कुणीच नीट उत्तर देऊ शकत नाही. वयावरून चपलेचं मापसुद्धा धड ठरत नाही.

मग होतं असं, की आपल्या लहानपणी आपल्याला आवडलेलं पुस्तक आपण काढून देतो. ते घरात पडून राहतं आणि 'हल्लीची मुलं वाचतच नाहीत' असा निष्कर्ष निघतो. 'श्यामची आई' घ्या. पुस्तक १९३५ सालचं. तिसरीतल्या मुलाच्या हातात ते एकट्याने वाचायला दिलं, तर सोवळं, पत्रावळ, खोत अशा शब्दांशी झटापट करण्यातच त्याचा दम निघतो. पण त्याची प्रकरणं 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी आहेत. ते मुळात सांगण्या-ऐकण्याचं पुस्तक आहे. रोज रात्री एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवलं, तर तेच मूल 'अजून एक' म्हणून हट्ट धरू शकतं. पुस्तक तेच, मूलही तेच, फक्त द्यायची रीत बदलली. सुचवण्याचं काम बरंचसं असंच असतं.

आधी मुलाशी बोला

"तुला काय वाचायला आवडतं?" हा प्रश्न टाळा. त्यावर मुलं एक तर खांदे उडवतात, नाही तर तुम्हाला बरं वाटेल असं काहीतरी सांगतात. त्याऐवजी हे तीन विचारा.

पहिला: शेवटचं काय पूर्ण वाचलंस? कॉमिक, पेपरातलं क्रिकेटचं पान, खेळाच्या खोक्यावरचे नियम, सगळं धरा. पुस्तकच सांगायला हवं असा सूर लागला की उत्तर बंद होतं.

दुसरा, आणि सगळ्यांत कामाचा: कुठलं पुस्तक अर्धवट टाकलंस, आणि कुठवर आला होतास? पहिल्या दोन-तीन पानांत टाकलं असेल तर बहुतेक वेळा भाषा जड असते किंवा टाइप बारीक. तीस-चाळीस पानांनंतर टाकलं असेल तर गोष्ट पुढे सरकत नसते, किंवा पात्रांची गर्दी झालेली असते आणि कोण कुणाचं कोण हे लक्षात राहत नाही. शेवट जवळ आल्यावर टाकलं असेल तर पुढे काहीतरी वाईट घडणार याची चाहूल लागलेली असू शकते. अशा मुलाला वाचता येतं, आवडतंही, फक्त पुढचं पुस्तक देताना शेवटाची थोडी कल्पना द्यायला हवी.

तिसरा: कुठला सिनेमा किंवा मालिका पुन्हा पुन्हा बघतेस? शोधकथा, विनोद, भुतंखेतं, प्राणी, मैत्रिणींमधली भांडणं अशी रुची इथे आपोआप कळते. हीच रुची पुस्तकात शोधायची.

उत्तरं मुलाकडूनच घ्या. आई-बाबा शेजारी उभे असले की तेच बोलतात. "त्याला ना, विज्ञान खूप आवडतं" याचा अर्थ पुष्कळदा त्याला विज्ञान आवडावं अशी घरच्यांची इच्छा आहे, एवढाच असतो. पालकांना दुसऱ्या कपाटाकडे वळवायचं आणि दोन मिनिटं मुलाशी एकट्याने बोलायचं. शाळेत हा प्रश्न येत नाही, पण तिथे वर्गमित्र ऐकत असतात. पाचवीच्या पुढे 'मला परीच्या गोष्टी आवडतात' हे चारचौघांत कुणी कबूल करत नाही.

एका पानाची परीक्षा

मुलाची रुची कळली, आता वाचनाची ताकद बघायची. पुस्तकाच्या मधलं एक पान काढा, पहिलं नको. पहिलं पान लेखकाने घासूनपुसून लिहिलेलं असतं, त्यावरून पुस्तकाचा अंदाज येत नाही. साधारण शंभर शब्दांचा मजकूर मुलाला हळू आवाजात वाचू द्या. जिथे अडेल तिथे त्याने एक बोट मिटायचं. शून्य किंवा एक बोट मिटलं तर पुस्तक सोपं आहे, दोन-तीन मिटली तर नेमकं आहे. चार मिटली आणि विषय त्याच्या जीवाभावाचा असला तर खुशाल द्या. मूठच वळली तर ते पुस्तक एकट्याने वाचण्याचं नाही, तुमच्यासोबत वाचण्याचं आहे.

मराठीत मात्र नुसती बोटं मोजून भागत नाही. अडणं दोन तऱ्हेचं असतं. 'तऱ्हा', 'कुऱ्हाड', 'वर्षानुवर्षं', 'ज्योत्स्ना' इथे मूल अडलं तर ते अक्षराशी अडलंय. शब्द कानावरून गेलेला असतो, डोळ्यांना ओळखू येत नाही. इंग्रजी माध्यमातल्या मुलांचं बहुतेक अडखळणं या जातीचं. रफार, 'ऱ्ह', 'ऱ्य' आणि तीन अक्षरांची जोडाक्षरं ही नेहमीची ठिकाणं. 'ल' आणि 'श' यांची दोन वेगवेगळी वळणं छापात आढळतात आणि पाटीवर एक गिरवलेलं मूल दुसरं पाहून थबकतं, हेही ध्यानात ठेवा. दुसरीकडे 'ओसरी', 'पडवी', 'मोट', 'न्हाणीघर' हे शब्द मूल घडाघडा वाचतं, पण डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. ते अर्थाशी अडणं. शहरातल्या मराठी माध्यमाच्या मुलांचं पुष्कळदा असं होतं.

दोन्हींवरचे उपाय वेगळे. अक्षराशी अडणाऱ्याला मोठा टाइप, छोटी वाक्यं आणि शक्य तर आधी ऐकलेली गोष्ट द्यावी. गोष्ट ठाऊक असली की पुढचा शब्द अंदाजाने ओळखता येतो आणि वाचनाला वेग येतो. अर्थाशी अडणाऱ्याला तेच पुस्तक द्यायला हरकत नाही, फक्त चार-पाच शब्द आधी सांगून टाकायचे, जमलं तर चित्र दाखवायचं.

आणखी एक खूण. मूल शब्दाखाली बोट ठेवून एकेक शब्द वाचतंय आणि वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरतंय, असं दिसलं, तर एकही बोट मिटलं नाही तरी पुस्तक जड आहे. नवशिक्यासाठी सहा ते आठ शब्दांचं वाक्य पुरे.

ऐकण्याची समज वाचनाच्या बरीच पुढे असते. दुसरीतलं मूल चौथी-पाचवीचं पुस्तक ऐकून सहज समजून घेतं. म्हणून प्रत्येक मुलासाठी मनात दोन याद्या ठेवायच्या: स्वतः वाचायची आणि ऐकायची. मूल वाचायला लागलं की पालक वाचून दाखवणं थांबवतात. घाई करतात. चौथी-पाचवीपर्यंत तरी चालू ठेवा म्हणून सांगा.

पुस्तक स्वतः तपासा

न वाचलेलं पुस्तक सुचवू नये. चित्रपुस्तक दहा मिनिटांत होतं, तिथे सबब नाही. कादंबरी असेल आणि वेळ नसेल, तर पहिलं प्रकरण, मधली दहा पानं आणि शेवटचं प्रकरण एवढं तरी वाचावंच. शेवट न वाचता दिलेली पुस्तकंच पुढे अडचणीत आणतात.

आधी आतलं पान उघडा, जिथे आवृत्ती आणि हक्क छापलेले असतात. पुस्तक परभाषेतलं असेल तर अनुवाद, रूपांतर की संक्षिप्त, हे बघा. अनुवादकाचं नावच नसेल तर पुस्तक खाली ठेवा. जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात दहा-वीस पुस्तिकांचे 'बोधकथा संच' मिळतात, त्यांत लेखक, चित्रकार, अनुवादक कुणाचाच पत्ता नसतो. चित्रं इकडून तिकडून उचललेली, मजकुरात ऱ्हस्व-दीर्घाची दाणादाण आणि शेवटी ठळक अक्षरांत 'तात्पर्य'. भेट म्हणून ते भरगच्च दिसतात, म्हणून खपतात. त्याच पैशांत तीन चांगली चित्रपुस्तकं येतात.

नावावर विसंबू नका. 'अरेबियन नाइट्स' म्हटलं की अल्लादिन आणि सिंदबाद आठवतात. पण गौरी देशपांडे यांनी केलेला बहुखंडी अनुवाद हा प्रौढांसाठीचा, न कापलेला मजकूर आहे. नुसतं नाव वाचून तो शाळेच्या मागणीयादीत घातला तर काय होईल, ते सांगायला नको.

मग संवाद मोठ्याने वाचा. पुस्तकातली मुलं "होय बाबा, आजपासून मी रोज लवकर उठेन" असं बोलत असतील तर ते पुस्तक मुलांनी वाचायला लिहिलेलं नाही, मोठ्यांनी विकत घ्यायला लिहिलेलं आहे.

शेवटी हाताला कसं लागतं ते. मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसतायत का? टाइप केवढा आहे? पहिली-दुसरीसाठी तो पाठ्यपुस्तकाहून बारीक नको. बांधणी शिवलेली आहे की पिना मारलेल्या? कोकणात आणि मुंबईत दोन पावसाळ्यांत पिना गंजतात आणि मधली पानं सुटतात. ग्रंथालयासाठी घेताना पिना काढून दोऱ्याने शिवून घेतलं तर पुस्तक दुप्पट टिकतं.

जुन्या पुस्तकांत आणखी एक गोष्ट बघावी लागते. जातीवरून, रंगावरून, जाडेपणावरून केलेली थट्टा, मास्तरांची छडी, 'मुलीच्या जातीला' वगैरे. म्हणून पुस्तक बाद करायचं, असं नाही. पण तो मजकूर कुठल्या पानावर आहे हे तुम्हाला ठाऊक हवं आणि त्याबद्दल बोलायची तयारी हवी. एखादं मूल त्या थट्टेच्या रोखावर असेल, तर ते पुस्तक वर्गात मोठ्याने वाचायला घेऊ नये, एवढा विवेक पाळावा.

तीन पुस्तकं पुढे करा

एकच पुस्तक हातात ठेवलं की तो अभ्यास होतो. दहा दाखवली की मूल गोंधळतं आणि सगळ्यांत पातळ उचलतं. तीन बरोबर. पहिलं, त्याने शेवटी पूर्ण केलेल्याच्या अगदी जवळचं. दुसरं, त्याच रुचीचं पण वेगळ्या घाटाचं. तिसरं, थोडं पुढचं, 'बघ, जमलं तर' म्हणून.

समजा सहावीतल्या मुलाला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आवडला. जवळचं म्हणून त्याच मालिकेतलं पुढचं द्या. घाट बदलायचा तर सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथा, अशोक जैन यांच्या मराठी अनुवादात. तिथे शोध आहे, कोलकाता आहे, आणि गोष्ट सांगणारा तोपशे जवळपास वाचणाऱ्याच्याच वयाचा आहे. पुढचं म्हणून जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा, 'यक्षांची देणगी' सारख्या. कोडं तिथेही आहे, पण ते सोडवायला डोकं जास्त चालवावं लागतं.

मूल तिन्हींपैकी काहीच घेत नसेल तर घेऊ द्या त्याला हवं ते. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली, त्यांतलं एक सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं असं सांगतं. त्यात 'आपण ठरवलेलं' असा शब्द नाही.

काय बोलायचं, किती बोलायचं

दोन-तीन वाक्यं, अर्ध्या मिनिटात. 'खूप सुंदर पुस्तक आहे' हे वाक्य फुकट जातं, 'यातून खूप शिकायला मिळेल' हे तर मुलाला पळवूनच लावतं. गोष्टीतला एक ठोस तपशील सांगा आणि थांबा.

"फुरसुंगीचा मुलगा आहे, पुण्यात शाळेत शिकायला आलाय. सायकलवर सुसाट सुटतो आणि सारखा कुठल्या तरी लफड्यात सापडतो. जीव खालीवर झाला की तोंडाने 'ट्टॉक्' करतो." एवढं भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला पुरतं.

"जपानमधल्या एका मुलीला पहिल्या शाळेतून काढून टाकतात. मग ती ज्या शाळेत जाते, तिथले वर्ग आगगाडीच्या डब्यांत भरतात." हे 'तोत्तोचान'. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे. मात्र इथे एक पुस्ती जोडा. तोत्तोचानच्या एका मित्राचा पुस्तकात मृत्यू होतो आणि अखेरीस युद्धात शाळा जळते. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर मुलाला हे आधी सांगावं. सांगितल्याने मजा जात नाही. काही मुलं तर त्यासाठीच पुस्तक मागून घेतात.

'मी तुझ्याएवढा होतो तेव्हा' या शब्दांनी सुरुवात करायचा मोह आवरा.

दिल्यानंतर

सोडायची मुभा आधीच द्या: वीस-पंचवीस पानं वाच, नाही रमलास तर परत आण. मारूनमुटकून संपवलेलं एक पुस्तक पुढच्या पाचांची वाट अडवतं. आठवड्याभराने सहज विचारा, "कुठवर आलास? कोण आवडलं, कोणाचा राग आला?" सारांश लिहून आण म्हणू नका. तक्ते, गुण, 'सर्वाधिक वाचणारा विद्यार्थी' असली बक्षिसंही नकोत. बक्षीस लागलं की मुलं पातळ पुस्तकं शोधतात, काही तर नुसती नोंद करून परत देतात.

एक वही ठेवा. मुलाचं नाव, दिलेलं पुस्तक, पूर्ण की अर्धवट, अर्धवट तर पान कितवं, आणि त्याचं एखादं वाक्य त्याच्याच शब्दांत. 'भूत लई उशिरा येतं' अशी नोंद पानभर अभिप्रायाहून उपयोगी असते. सत्राच्या शेवटी वही चाळली की कुठलं पुस्तक कुठल्या मुलांकडून परत येतं ते दिसतं, आणि पुढची खरेदी त्यावरून ठरते.

कुठल्या टप्प्यावर काय

खालची वयं ढोबळ आहेत. वरची परीक्षा घेऊनच वापरा.

तीन-चार वर्षांपर्यंत माधुरी पुरंदरे यांच्यापासून सुरुवात करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. 'राधाचं घर' या संचात घरातली माणसंच आहेत आणि चित्रांत खरी मराठी घरं दिसतात. 'चित्रवाचन'मध्ये नुसती चित्रं आहेत, शब्द मुलाने आणायचे. पालक विचारतात, "यात वाचायचं काय?" त्यांना शेजारी बसवून एक चित्र मुलाला बोलायला द्या, उत्तर मिळतं. जोडीला विंदा करंदीकरांच्या बालकविता, 'राणीची बाग' पासून 'एटू लोकांचा देश' पर्यंत. विंदांची वात्रट कल्पनाशक्ती मुलांना थेट भिडते, त्यांना अर्थ समजावून सांगायच्या फंदात पडू नये.

पाच ते आठ हा नाजूक टप्पा. मूल अक्षरं जोडायला शिकतंय आणि गोष्टीची भूक मात्र मोठी आहे. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली आणि प्रथम बुक्सची पुस्तकं स्वस्त आणि पातळ, म्हणून वर्गात भरपूर ठेवता येतात. प्रथमच्या पुस्तकांवर एक ते चार अशी पातळी छापलेली असते, नवशिक्या शिक्षकाला तिचा मोठा आधार. २०१५ पासून सुरू असलेल्या त्यांच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात आणि छापूनही घेता येतात. पातळी मात्र मुलाला सांगू नका. 'तू अजून दोनवरच?' हे वाक्य वर्गात एकदा उच्चारलं गेलं की दोन क्रमांकाची सगळी पुस्तकं बाद झाली म्हणून समजा.

आठ ते अकरा: दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे, फास्टर फेणे, सुधा मूर्तींच्या गोष्टींचे लीना सोहोनी यांनी केलेले अनुवाद, राजीव तांबे यांची पुस्तकं. याच वयात मुलं मालिकेच्या मागे लागतात आणि महिनोन्महिने एकच नायक वाचतात. पालक काळजीत पडतात. पडू नये. ओळखीची माणसं, ओळखीचा घाट यामुळे वाचनाचा वेग वाढतो, आणि तो वाढल्याशिवाय जाड पुस्तक हातात धरवत नाही.

या वयासाठी सुचवणाऱ्याच्या हाताशी 'वाचू आनंदे' हवंच. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेल्या या भागांत मराठीतल्या निवडक लेखनाचे तुकडे आहेत, बाल आणि कुमार गटांसाठी वेगवेगळे. मुलाला भाग देऊन सांगायचं: कुठूनही उघड, आवडेल त्या तुकड्यावर खूण कर. मग त्या तुकड्याचं मूळ पुस्तक शोधून द्यायचं. तीन प्रश्नांनी जे कळत नाही ते या खुणांनी कळतं.

अकरा ते चौदाला माणसांची आणि प्राण्यांची खरी आयुष्यं हवीशी वाटू लागतात. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' (१९८१) इथे हमखास चालतं. गुलामीत जन्मलेलं पोर शास्त्रज्ञ कसं झालं, हे त्यातलं सूत्र मुलांना खेचून नेतं. विलास मनोहरांचं 'नेगल' प्राणीवेड्यांसाठी. 'पाडस' हा राम पटवर्धनांचा अनुवाद देखणाच आहे, पण पाडसाचा शेवट काय होतो हे माहीत करून घेऊनच द्या. शांता शेळक्यांची 'चौघीजणी' मुलींच्या कप्प्यात ठेवू नका. तसा कप्पाच नको. पाठीवर 'मुलींसाठी' लिहिलं की पुस्तकाचे निम्मे वाचक गेले.

चौदाच्या पुढे मराठीत वाट अरुंद होते. कुमारवयासाठी म्हणून लिहिलेलं फार थोडं आहे, त्यामुळे मुलं एकदम 'मृत्युंजय' आणि 'ययाति'वर उडी घेतात. घरातल्या कपाटात तीच असतात ना! 'मृत्युंजय' चांगलंच जाडजूड आहे. ज्याला महाभारताची गोडी आहे तो ते खाऊन टाकतो, बाकीचे शंभराव्या पानाच्या आत थकतात. 'ययाति'चा विषय कामवासना आहे, आणि तो पौराणिक वेशात असल्याने घरच्यांच्या ध्यानात येत नाही. सोळा-सतराला जरूर द्या. ऐतिहासिक हवं असेल तर रणजित देसाईंची 'स्वामी' सुरुवातीला बरी, आटोपशीर आहे.

या वयासाठी मधले पूल तुम्हाला बांधावे लागतात. प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला लंपन हा मुलगा ('वनवास', मग 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर') हा त्यांतला सगळ्यांत भक्कम. अडचण एकच, बेळगावकडची कानडी वळणाची बोली. पहिली पाच पानं तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, कानाला लय सापडली की पुढे मूल थांबत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' छोटी आहे आणि तिचा मास्तर स्वतःच कोवळ्या वयाचा आहे. त्यांचीच 'सत्तांतर' वानरांच्या टोळ्यांची कादंबरी, पिलांच्या हत्या आहेत हे सांगून द्यावी. आणि मिलिंद बोकिलांची 'शाळा' (२००४): नववीतली मुलं, आणीबाणीचा काळ, पहिलं प्रेम, मुलांच्या तोंडची खरी भाषा. काही शाळा ती कपाटात ठेवायला बिचकतात. नववीतल्या मुलांना नववीतल्या मुलांची गोष्ट द्यायला कशाला बिचकायचं, हे आम्हाला उमगलेलं नाही. मात्र पालक विचारायला आले तर उत्तर तयार ठेवा: तुम्ही स्वतः पुस्तक वाचलेलं आहे, आणि ते कुणावर लादलेलं नाही.

नेहमी येणारे अवघड प्रसंग

*मूल काहीच वाचत नाही.* पुस्तक बाजूला ठेवा. मासिकाचा अंक द्या. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. 'वयम्' मोठ्या मुलांसाठी, 'चिकूपिकू' लहानांसाठी. मासिकात दोन पानांत काहीतरी संपतं, आणि संपवल्याचा अनुभवच या मुलाला मिळालेला नसतो. अमर चित्र कथेसारखी कॉमिक्सही चालतात. महिनाभर प्रयत्न करूनही मूल अक्षरांपाशीच झगडत असेल, ओळी सुटत असतील, तर डोळे आणि वाचनाची अडचण तज्ज्ञांकडून तपासून घ्यायला सुचवा. तिथे पुस्तक बदलून उपयोग नाही.

*बारा वर्षांचं मूल, मराठी वाचन सात वर्षांच्या मुलाचं.* इंग्रजी माध्यमात आणि परदेशातल्या मराठी शाळांत हे सर्रास दिसतं. लहान मुलांचं पुस्तक दिलं तर अपमान वाटतो, वयाचं दिलं तर वाचवत नाही. इथे इंग्रजीत वाचून झालेलं पुस्तक मराठीत द्या. 'हॅरी पॉटर आणि परीस' यासाठी नामी, कारण गोष्ट पाठ असते. किंवा ऐकायचं (ऑडिओ) पुस्तक लावून छापील प्रतीवर नजर फिरवायची. रोज दहा मिनिटं पुरेत, अर्धा तास करायला गेलात तर चौथ्या दिवशी बंद पडतं. विनोदी कविताही छान चालतात: ओळी छोट्या, यमकामुळे पुढचा शब्द ओळखता येतो, आणि कविता कुठल्या वयाची हे कुणी विचारत नाही.

*पालकांना 'संस्कार' हवेत.* वाद घालू नका. त्यांच्या पसंतीचं एक आणि मुलाच्या पसंतीचं एक, अशी जोडी द्या. महिन्याने वहीतली नोंद दाखवा.

*पुस्तकातलं घर मुलाच्या घरासारखं नाही.* पुष्कळशी बालपुस्तकं शहरी फ्लॅटमधली आहेत. गावातल्या, वस्तीवरच्या, पालावरच्या मुलांना सतत दुसऱ्यांचीच घरं दाखवली की वाचन हा दुसऱ्यांचाच उद्योग वाटू लागतो. खरेदी करताना दर दहा पुस्तकांत तीन-चार तरी शेत, गुरं, बाजार, रानवाटा असलेली आहेत ना, हे मोजूनच घ्या.

पुस्तकं आणायची कुठून, किती

चाळीस मुलांच्या वर्गाला साठ पुस्तकं असावीत. मुलांइतकीच असली तर शेवटच्या दहांना निवडच उरत नाही. साठ वेगवेगळी आणण्यापेक्षा पन्नास वेगवेगळी आणि त्यांतल्या सर्वाधिक मागणीच्या दहांच्या दुसऱ्या प्रती घ्या. दोन मैत्रिणी एकाच वेळी एकच पुस्तक वाचू लागल्या की तुमचं सुचवायचं काम त्याच करतात. सगळे पैसे जूनमध्ये संपवू नका, तिसरा हिस्सा दिवाळीनंतरसाठी राखा. तोवर वही भरलेली असते. दिवाळीत 'साधना' साप्ताहिकाचा बालकुमार अंक निघतो, त्याच्या पाच-सहा प्रती घेतल्या की वर्गाला वर्षभर पुरतात.

खरेदीआधी पुस्तकं हाताळायची असतील तर पुण्यात पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक आहे. पाचगणीजवळच्या भिलारला, २०१७ पासून 'पुस्तकांचं गाव' झालेल्या गावात, बसून निवांत चाळता येतं. गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात बालविभाग आहे का विचारा. असतो, पण कुलपात असतो. चावी कुणाकडे ते शोधून काढा आणि शनिवारी दुपारी दोन तास उघडायची परवानगी मागा.

बंद पडलेल्या आवृत्त्यांसाठी रद्दीवाल्यांना यादी देऊन ठेवावी, फोन नंबरासकट. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरही बरीच मराठी पुस्तकं मोफत आहेत. तिथून छापून घेताना दोन पानं एका कागदावर बसवू नका, टाइप बारीक होतो आणि सगळी मेहनत वाया जाते.